पांढऱ्यावर पांढरं

मे २००४ मध्ये इंटरनेटवर एक अजब स्पर्धा सुरू झाली. 'नायग्रिट्यूड अल्ट्रामरीन' ही निरर्थक इंग्रजी जोडगोळी तिच्यासाठी मुद्दाम निवडली होती. तोवर हे दोन शब्द गूगलमध्ये एकत्र टाकले, तर एकही पान सापडत नसे. नियम सोपा होता. या शब्दांसाठी पान तयार करायचं. महिन्यानंतर ज्याचं पान गूगलच्या निकालात सर्वांत वर असेल त्याला आयपॉड, आणि दोन महिन्यांनंतर जो वर असेल त्याला सोनीचा सपाट मॉनिटर.

शोधयंत्रांना हाताळून पोट भरणारी मंडळी तोवर जगभर तयार झाली होतीच. ती कामाला लागली. कुणी त्या नावाची संकेतस्थळं उघडली, कुणी पाहुण्यांच्या प्रतिक्रियांच्या चौकटीत आपल्या पानाचे दुवे पेरले, कुणी एकमेकांना दुवे देण्याची साखळी जमवली. दोन महिन्यांनंतरचं बक्षीस मात्र अनिल डॅश या अमेरिकी लेखक-तंत्रज्ञानं नेलं, आणि तो या धंद्यातला नव्हता. तो वर्षानुवर्षं स्वतःच्या संकेतस्थळावर लिहीत होता आणि त्याला वाचक होते. स्पर्धेला महिना होत आला असताना त्यानं त्यांना एवढंच सांगितलं, की या पानाला दुवा द्या. त्यांनी दिला.

पुढच्याच वर्षी 'सी टी' या जर्मन संगणक-नियतकालिकानं असाच खेळ मांडला. शोधशब्द होते 'होमिंगबर्गर गेपार्डेनफोरेले', म्हणजे होमिंगबर्ग गावचा चित्ता-ट्राउट. असं गावही नाही आणि असा मासाही नाही. काही महिन्यांत या नसलेल्या माशाची लाखो पानं शोधयंत्रांत दिसू लागली.

हा पोरखेळ वाटेल, पण त्यामागे कारण होतं. 'पुण्यातलं चांगलं हॉटेल' अशा शब्दांसाठी हजारो पानं आधीच रांगेत असतात. त्यांतलं एखादं का वर गेलं, हे नेमकं सांगणं अवघड असतं. निरर्थक शब्दांना प्रतिस्पर्धीच नसतात, त्यामुळे कोणत्या युक्तीनं काय बदललं ते स्वच्छ दिसतं. गूगल आपल्या क्रमवारीचा सगळा हिशेब उघड करत नाही, म्हणून बाहेरच्यांना असे प्रयोग करूनच अंदाज बांधावे लागतात. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, धंद्यातल्यांच्या तोंडी 'एसईओ', ही विद्या अशा ठोकताळ्यांवर उभी राहिली.

शोधयंत्राच्या चौकटीत शब्द टाकून आपण बटण दाबतो, तेव्हा ते यंत्र इंटरनेटवर धावत सुटत नाही. धावाधाव आधीच झालेली असते. 'क्रॉलर' नावाचे प्रोग्रॅम एका पानावरून दुव्यादुव्यानं दुसऱ्या पानावर जात राहतात आणि वाचलेला मजकूर घेऊन येतात. त्यातून कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे याची प्रचंड सूची तयार होते. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच, फक्त अब्जावधी पानांची. आपला प्रश्न या सूचीला विचारला जातो. सूचीतून लाखो पानं निघतात, आणि खरा प्रश्न तिथं सुरू होतो. त्यांतली पहिली दहा कोणती?

डिजिटल इक्विपमेंट या कंपनीनं डिसेंबर १९९५ मध्ये 'अल्टाव्हिस्टा' आणलं. त्या काळातली शोधयंत्रं या प्रश्नाचं उत्तर मुख्यतः पानावरच्या शब्दांतच शोधत. शब्द जितका जास्त वेळा आणि जितका ठळक, तितकं पान वर. मग पळवाट निघायला वेळ लागला नाही. पानाची पार्श्वभूमी पांढरी ठेवायची आणि तळाशी पांढऱ्याच अक्षरांत हवा तो शब्द पन्नास-शंभरदा लिहायचा. माणसाला कोरी जागा दिसे. यंत्र रंग पाहत नसे, ते फक्त मजकूर वाचे, आणि फसे.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांनी पानापेक्षा पानाबाहेर बघायचं ठरवलं. एखाद्या पानाला किती आणि कोणती पानं दुवा देतात, यावरून त्याचं वजन ठरवायचं. शिवाय वजनदार पानाच्या दुव्याला अधिक किंमत द्यायची. पेजच्या आडनावावरून या पद्धतीला 'पेजरँक' म्हणतात. १९९८ मध्ये गूगल कंपनी सुरू झाली ती याच कल्पनेवर. स्वतःच्या पानावर स्वतःची कितीही तारीफ लिहिता येते, पण दुसऱ्याकडून दुवा मिळवणं कठीण, असा त्यामागचा विचार होता. तो बरोबरही होता. फक्त एक गोष्ट हिशेबात धरलेली नव्हती. ज्या वस्तूला किंमत येते तिचा बाजार भरतो. दुवे विकले जाऊ लागले, फक्त दुवे देण्यासाठी हजारो संकेतस्थळं उभी राहिली. २००३ च्या अखेरीस खोडकर मंडळींनी 'मिझरेबल फेल्युअर', म्हणजे 'दारुण अपयश', या शब्दांवरून ठरवून एकाच पानाकडे दुवे दिले. मग गूगलवर ते शब्द टाकले की पहिलं पान उघडे ते अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या अधिकृत चरित्राचं! ही खोड बंद करायला गूगलला जानेवारी २००७ उजाडला.

मोठ्या कंपन्याही मागे नव्हत्या. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलनं बीएमडब्ल्यूचं जर्मन संकेतस्थळच निकालांतून काढून टाकलं. त्या कंपनीनं यंत्रासाठी वेगळी पानं ठेवली होती, त्यांत 'जुन्या गाड्या' या अर्थाचा जर्मन शब्द ठासून भरला होता. माणूस तिथं पोचला की त्याला ताबडतोब दुसऱ्याच चकचकीत पानावर ढकललं जाई. ती पानं काढल्यावर काही दिवसांत बीएमडब्ल्यू परत आली.

जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीची गोष्ट अधिक बोलकी आहे. २०१० च्या नाताळच्या हंगामात ती गूगलवर कपडे, चादरी, गालिचे अशा कितीतरी शब्दांसाठी अव्वल होती. सॅमसोनाइटची हातबॅग शोधली, तर खुद्द सॅमसोनाइटच्याही वर पेनीचं पान येई. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं फेब्रुवारी २०११ मध्ये याचा छडा लावला, तेव्हा कपड्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या असंख्य पानांवर पेनीचे दुवे चिकटवलेले आढळले. गूगलनं कारवाई केली. एका संध्याकाळी सात वाजता पहिल्या क्रमांकावर असलेलं ते हातबॅगांचं पान दोन तासांनी ७१ व्या क्रमांकावर होतं. आपल्याला याची कल्पना नव्हती, असं पेनीनं सांगितलं आणि एसईओचं काम पाहणाऱ्या कंपनीला निरोप दिला.

त्याच महिन्यात गूगलनं 'पांडा' नावाचा मोठा बदल केला, तो पोकळ मजकुराच्या कारखान्यांविरुद्ध होता. एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' आला, तो विकतच्या दुव्यांविरुद्ध. नावं गोंडस होती, पण त्यांनी अनेकांचे धंदे बसवले. युक्ती सगळ्यांना कळली की ती निकामी होते, हा या क्षेत्राचा जवळजवळ नियमच आहे. तरीही मेलेल्या युक्त्या विकणारे आहेतच. 'आम्ही तुमच्या पानाचा कीवर्ड टॅग भरून देतो' असं सांगून आजही पैसे घेतले जातात. हा टॅग क्रमवारीसाठी वापरतच नाही, असं गूगलनं सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं होतं.

मग उरतं काय? फार कंटाळवाण्या गोष्टी उरतात. पानाला नेमकं शीर्षक असावं. चित्राखाली ते कशाचं आहे हे शब्दांत लिहावं. पान फोनवर नीट आणि लवकर उघडावं, पत्ता सुरक्षित म्हणजे एचटीटीपीएसवाला असावा. मजकूर असा असावा, की तो वाचून कुणाला दुसऱ्याला पाठवावासा वाटेल. गूगलचं 'सर्च कन्सोल' हे साधन फुकट आहे. कोणते शब्द टाकून लोक आपल्या पानापर्यंत आले आणि कोणती पानं सूचीत गेलीच नाहीत, हे ते दाखवतं. एखाद्या घरगुती मसाल्याच्या दुकानदाराला किंवा गावच्या वाचनालयाला एवढं पुरतं. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्यापासून दूर राहा, हे तर गूगल स्वतःच सांगतं.

मराठीच्या बाबतीत मात्र ही कंटाळवाणी यादी बरीच वर्षं भलतीच नाट्यमय होती. कारण मजकूर यंत्राला वाचता यावा, ही पहिलीच पायरी आपण गाठलेली नव्हती.

प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र कोड देणाऱ्या युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीला जागा १९९१ मध्येच मिळाली, पण ती वापरात यायला आणखी बराच काळ गेला. तोवर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव किंवा सीडॅकचे टंक वापरून काम चाले. या टंकांची हातचलाखी अशी, की आतमध्ये साठवलेली अक्षरं इंग्रजीच असत, फक्त त्यांचे आकार देवनागरी काढलेले. कृतिदेवमध्ये 'क' म्हणजे आतून इंग्रजी डी, 'म' म्हणजे ई आणि 'ल' म्हणजे वाय. 'कमल' लिहिलं की वाचकाला कमल दिसे, शोधयंत्राला डी-ई-वाय. वर्तमानपत्रांनी हजारो बातम्या अशाच चढवल्या. वाचकाकडे तोच टंक नसेल तर त्याला अगम्य अक्षरांची रांगोळी दिसे, आणि गूगलला तर ती नेहमीच दिसे. मराठी मजकूर इंटरनेटवर होता, पण सापडत नव्हता.

वाचकाला टंक वेगळा उतरवून घ्यावा लागू नये म्हणून पानाबरोबरच टंक पाठवण्याची सोय निघाली. पण मायक्रोसॉफ्टची ही पद्धत इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरमध्येच चाले. फायरफॉक्स वापरणाऱ्यांसाठी 'पद्मा' नावाचं एक जोडसाधन, म्हणजे एक्स्टेन्शन, होतं. ते असा मजकूर जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलून दाखवी. भारतीय भाषांतल्या कित्येक वाचकांची पहिली ब्राउझर-खटपट ही अशी आपल्या भाषेतली बातमी वाचण्यासाठी झाली.

युनिकोड आल्यानंतरही बारीक काटे राहिलेच. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र कोड मिळाला २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. त्याआधी कुणी 'अ'वर वेगळी चंद्रखूण चढवी, कुणी हिंदीसाठी ठेवलेला 'ऍ' वापरी. आज 'ॲप' हा शब्द या तिन्ही प्रकारांनी लिहिलेला सापडतो. कोड जसेच्या तसे जुळवणाऱ्या साध्या शोधाला ते तीन वेगळे शब्द वाटतात. मोठी शोधयंत्रं असे भेद सांभाळून घेतात, पण एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या छोट्या शोधचौकटीकडून ती अपेक्षा ठेवू नये. पत्त्यांचंही तेच. 'पुणे' या शब्दाचे युनिकोडमध्ये चार कोड होतात. वेबपत्त्यात गेल्यावर त्यांचं टक्केचिन्हांनी भरलेलं छत्तीस वर्णांचं लचांड होतं, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला मराठी विकिपीडियाचा दुवा हातभर लांब दिसतो तो त्यामुळेच. २०१४ पासून मराठीतही घेता येणाऱ्या '.भारत' या पत्त्यांना फारसं कुणी विचारलं नाही, त्याला असली कारणंही असावीत.

एकाच ब्राउझरवर सगळं अवलंबून राहिलं की काय होतं, हे मराठी वाचकांनी टंकांच्या निमित्तानं चाखलं. दक्षिण कोरियानं ते फार मोठ्या प्रमाणावर भोगलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथं ऑनलाइन व्यवहारांसाठी देशी कूटपद्धत आली. ती मायक्रोसॉफ्टच्या 'ॲक्टिव्हएक्स' तंत्रावर चाले, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररशिवाय बँकेत पाऊलच टाकता येत नसे. जगातल्या सर्वांत वेगवान इंटरनेट असलेल्या देशांपैकी एक देश कितीतरी वर्षं एका म्हाताऱ्या ब्राउझरला बांधलेला राहिला. भारतातही सरकारी निविदा भरताना डिजिटल सहीसाठी अनेक ठिकाणी हाच ब्राउझर लागे. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला जगातल्या इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी नऊ-दशांशांहून अधिक लोक तो वापरत होते. मायक्रोसॉफ्टला मग घाई कसली? २००१ मधल्या सहाव्या आवृत्तीनंतर सातवी यायला पाच वर्षं लागली. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याला निवृत्त केलं, तेव्हा एका कोरियन अभियंत्यानं ग्योंगजू शहरात त्याचं थडगं उभारलं. दुसरे ब्राउझर उतरवून घेण्यासाठी हा छान होता, अशा अर्थाची ओळ त्यावर कोरली.

ते दुसरे ब्राउझर वापरून पाहणारे लोक नसते, तर आजचं वेब वेगळं असतं. इंटरनेट एक्सप्लोररशी झुंजताना नेटस्केप ही ब्राउझर-कंपनी हरली, पण १९९८ मध्ये तिनं आपला कोड खुला केला. त्यातून आधी फिनिक्स, मग फायरबर्ड अशी नावं घेत अखेर ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स १.० आला. त्याची जाहिरात वापरणाऱ्यांनीच केली. सुमारे दहा हजार लोकांनी वर्गणी काढून 'न्यूयॉर्क टाइम्स'ची दोन पानं घेतली आणि त्यांवर सगळ्यांची नावं छापली. नॉर्वेच्या ऑपेराचं काम निराळं होतं. तिच्या 'ऑपेरा मिनी'त पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर दाबून लहान केलं जाई आणि मग फोनवर येई. बटणांच्या नोकियावर, टूजीच्या जाळ्यात, पैसे मोजून घेतलेल्या डेटावर इंटरनेट पाहणाऱ्या भारतीयांसाठी ती मोठीच सोय होती. पुढे त्याच गुणावर अलीबाबाच्या मालकीच्या यूसी ब्राउझरनं भारतातला मोबाइल गाजवला. एका टप्प्यावर तो क्रोमच्याही पुढे होता. २९ जून २०२० रोजी सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत तो गेला.

आज नवा ब्राउझर वापरून पाहायचा म्हटलं तर यादी लांबलचक आहे. एज, ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा, झोहोनं २०२३ मध्ये आणलेला देशी 'उला', शिवाय दर महिन्याला कुठलासा नवा. पण या सगळ्यांच्या पाट्या वेगळ्या असल्या तरी भटारखाना एकच आहे. पान प्रत्यक्ष रंगवून दाखवणाऱ्या भागाला इंजिन म्हणतात, आणि या सर्वांत गूगलचं 'ब्लिंक' आहे. त्याची वंशावळ गमतीची आहे. मुळात केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी 'केएचटीएमएल' लिहिलं. ॲपलनं ते घेऊन 'वेबकिट' बनवलं आणि २००३ मध्ये सफारी आणला. गूगलनं वेबकिट घेऊन सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आणला, आणि २०१३ मध्ये त्यातून फुटून ब्लिंक केलं. ऑपेरानं त्याच वर्षी स्वतःचं इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये. आता ठळक इंजिनं उरली तीन. ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. भारतात आयफोनवर क्रोम घेतला तरी आत वेबकिटच असतं, कारण ॲपलचा नियम तसा आहे. युरोपीय संघात तो २०२४ मध्ये कायद्यानं शिथिल करायला लावला.

त्यामुळे क्रोम सोडून ब्रेव्ह घेतला तर पान वेगळं दिसेल असं समजू नये. फरक पडतो तो वेष्टनात. जाहिराती आणि मागोवा घेणारे प्रोग्रॅम कोण अडवतं, टॅब कसे मांडतात, माहिती कुणाच्या सर्व्हरवर जाते, आणि पैसा कुठून येतो.

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या एका खटल्यात आकड्यांसह बाहेर आलं. आपलं शोधयंत्र ब्राउझरमध्ये आणि फोनवर आपोआप निवडलेलं असावं, म्हणून गूगलनं एकट्या २०२१ मध्ये २,६३० कोटी डॉलर वाटले. सर्वांत मोठा वाटा ॲपलचा. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भागही गूगलच्याच पैशाचा आहे, म्हणजे स्पर्धकाचं घर स्पर्धकच चालवतो. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलनं शोधक्षेत्रातली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरवताना त्यांनी क्रोम विकायला लावला नाही, पण 'आमचंच ठेवा' अशा अनन्य करारांना मनाई केली. माणसं सेटिंग बदलत नाहीत, यावर हा सगळा अब्जावधींचा व्यवहार उभा आहे.

माणसं सवयीही बदलत नाहीत. 'आर्क' हा २०२३ मध्ये गाजलेला ब्राउझर त्याचा दाखला. टॅब डाव्या बाजूला उभे लावलेले, कामाच्या आणि घरच्या टॅबांसाठी निराळ्या 'स्पेस', जुने टॅब आपोआप आवरून टाकायची सोय. समीक्षक खूश होते. पण रोज वापरणाऱ्यांपैकी एकाहून अधिक स्पेस नियमित वापरणारे जेमतेम साडेपाच टक्के, असं कंपनीनंच २०२५ मध्ये सांगितलं आणि आर्कवरचं नवं काम थांबवलं. त्या वर्षी ॲटलासियननं ती कंपनी सुमारे ६१ कोटी डॉलरला घेण्याचं जाहीर केलं.

एखादा ब्राउझर तपासून पाहायचा तर जाहिरातीतल्या वेगाच्या आकड्यांपेक्षा रोजची कामं त्याच्यावर टाकून बघावीत. मराठी जोडाक्षरं नीट उमटतात का, सातबारा किंवा प्राप्तिकराचं संकेतस्थळ अडतं का, लॅपटॉपची बॅटरी किती टिकते. जुन्या खुणा नव्यात आणता येतात, तेव्हा सोडून जाण्याची भीती बाळगायचं कारण नाही. जाहिराती अडवणारं 'यूब्लॉक ओरिजिन' हे जोडसाधन ज्यांना हवं आहे त्यांच्यासाठी फायरफॉक्सचं कारण आपोआप तयार झालं आहे. क्रोमनं जोडसाधनांचे नियम बदलल्यावर ते तिथं चालेनासं झालं, फायरफॉक्सवर चालतं.

जोडसाधनांवर इथं जरा थांबायला हवं. पाच सेकंदांत बसतात आणि मग विसरली जातात, पण 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी त्यांना दिलेली असते. 'द ग्रेट सस्पेंडर' हे साधन वापरात नसलेले टॅब झोपवून संगणकाचा भार हलका करी. वीस लाखांहून अधिक लोक ते वापरत. २०२० मध्ये मूळ निर्मात्यानं ते कुणा अनोळखी पक्षाला विकलं. साधनाचं नाव तेच राहिलं, चिन्ह तेच राहिलं, आतला कोड बदलला. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं ते घातक ठरवून सर्वांच्या संगणकांवर बंद केलं. वापरणाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं. काल चांगलं असलेलं साधन आज कुणाचं आहे, हे ब्राउझर आपणहून सांगत नाही.

फुकटच्या ऑनलाइन साधनांचंही असंच. पीडीएफचं वर्ड करून द्या, फोटोचा आकार कमी करून द्या, अशी कामं लोक सर्रास कुठल्याशा संकेतस्थळावर टाकतात, आणि टाकलेला कागद अनेकदा आधार कार्ड किंवा पगारपत्रक असतो. अशा काही बनावट साधनांतून घातक प्रोग्रॅम आत येतात आणि कागदांतली माहिती खरवडून घेतली जाते, असा इशारा एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयानं मार्च २०२५ मध्ये दिला. आधी संगणकावर असलेल्या सोयी वापराव्यात. लिब्रेऑफिस फुकट आहे, मराठीतही मिळतं, आणि कागद घराबाहेर जात नाही. उलट काही ऑनलाइन साधनांना तोड नाही. १९९६ पासूनची पानं साठवणारं 'वेबॅक मशीन' त्यातलं एक. गूगलनं २०२४ मध्ये पानाची साठवलेली प्रत दाखवणं बंद केल्यावर तर त्याचं मोल आणखी वाढलं.

याच सुमारास शोधाचं रूपच पालटलं. मे २०२४ मध्ये गूगलनं अमेरिकेत निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेनं लिहिलेलं उत्तर दाखवायला सुरुवात केली. काही दिवसांतच त्या उत्तरानं पिझ्झावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालायला सांगितलं. कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी थट्टेत लिहिलेली प्रतिक्रिया यंत्रानं गंभीरपणे घेतली होती. दुव्यावर टिचकी न मारताच उत्तर मिळू लागल्यावर एसईओवाले वळले ते यंत्राच्या उत्तरात आपला उल्लेख कसा येईल याकडे. प्रिन्स्टन आणि आयआयटी दिल्लीतल्या संशोधकांसह काहींनी त्यावर प्रयोग केले. आकडेवारी, अवतरणं आणि स्रोतांचे उल्लेख असलेला मजकूर अशी यंत्रं अधिक उचलतात, शब्द ठासून भरण्याची जुनी युक्ती मात्र फारशी चालत नाही, असं त्यांना दिसलं.

पांढऱ्यावर पांढरं लिहिण्याची युक्ती मात्र चालते! जुलै २०२५ मध्ये 'निक्केई' या जपानी वृत्तपत्रानं आर्काइव्ह या संशोधन-संग्रहातले सतरा निबंध शोधून काढले. त्यांत पांढऱ्या किंवा अतिबारीक अक्षरांत यंत्रासाठी सूचना दडवली होती, की परीक्षण चांगलंच लिही. निबंध आठ देशांतल्या चौदा संस्थांमधल्या लेखकांचे होते. परीक्षक वाचायचा कंटाळा करून निबंध यंत्राला देतील, हा त्यांचा कयास होता.

ब्राउझरमध्ये हेच अधिक धोक्याचं झालं आहे. जुलै २०२५ मध्ये पर्प्लेक्सिटी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीनं 'कॉमेट' आणला, ऑक्टोबरमध्ये ओपनएआयनं 'ॲटलास'. हे ब्राउझर पानाचा सारांश सांगतात, अर्ज भरतात, तिकीट शोधतात, म्हणजे वापरणाऱ्याच्या वतीनं बटणं दाबतात. ब्रेव्हच्या संशोधकांनी ऑगस्टमध्ये कॉमेटवर एक प्रात्यक्षिक केलं. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या एका प्रतिक्रियेत त्यांनी झाकलेल्या मजकुरात आज्ञा लिहिल्या आणि ब्राउझरला पानाचा सारांश मागितला. पानावरचा मजकूर कुठला आणि मालकाची आज्ञा कुठली, हे यंत्राला वेगळं करता आलं नाही. त्यानं मालकाचा ईमेल पत्ता काढला, जीमेल उघडून त्यातला ओटीपी वाचला आणि दोन्ही त्या पानावर जाहीर लिहून टाकले. पर्प्लेक्सिटीनं दुरुस्ती केली. ऑक्टोबरमध्ये त्याच संशोधकांनी पिवळ्यावर फिक्या निळ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षरांनी पुन्हा तेच करून दाखवलं, या वेळी चित्रातून. ओपनएआयच्या सुरक्षाप्रमुखांनीही हा प्रश्न अजून सुटलेला नसल्याचं मान्य केलं.

नव्वदच्या दशकात त्या पांढऱ्या अक्षरांनी फार तर एखादं टुकार पान वर येई. आता फसणाऱ्या यंत्राच्या हाती मेलपेटी आणि बँकेचं खातं असतं. म्हणून असा ब्राउझर चाखून पाहणारे जाणकार तो वेगळा ठेवतात. त्यात मेल नाही, बँक नाही, यूपीआयशी जोडलेलं काही नाही. ॲटलासमध्ये यंत्राला लॉग-आउट अवस्थेतच फिरवायची सोय आहे, ती ते आधी चालू करतात. खाद्यपदार्थांच्या पाककृती जमवणं, प्रवासाचे पर्याय ताडून पाहणं, लांब इंग्रजी अहवालाचा मराठी गोषवारा काढणं एवढीच कामं ते त्याला देतात. पैसे भरायचे असले की जुना ब्राउझर उघडतात, आणि पत्ता हातानं टाइप करतात.